पाणी कोमटच होतं

४ फेब्रुवारी

ठिणगे,

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो, तुझा बसतो आणि मग तू फोन ठेवून देतेस. कागदावर आवाज चढत नाही. चढलाच तर घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकता येतो.

आधीच सांगून टाकतो. पाणी कोमटच होतं. मी स्वतः पंजा बुडवून बघितलं होतं. जन्मभर मी कोमट पाणी ओळखण्याचाच पगार घेतलाय. कोमट पाण्यात यीस्ट जागं होतं, गरम पाण्यात मरतं, आणि पाणी चुकलं तर बेकरीतला सगळा पाव दगड होऊन बाहेर पडतो. त्या माणसाला तू, त्याची सख्खी मुलगी, जावईबापूंच्या देखत म्हणालीस, "बाबा, तुम्हाला पाणी कळत नाही. थोडे दिवस तुम्ही घरी जा." आलो घरी. मफलर तुमच्या दारामागच्या खुंटीला राहिला. राहू दे, मला थंडी वाजत नाही.

बाळाचं अंग लाल झालं म्हणतेस. नवं बाळ लालच असतं, तू तर बिटाच्या वरताण होतीस. रडली म्हणतेस. आंघोळीत न रडलेलं बाळ मला दाखव, मी त्याला नमस्कार करतो. माझं म्हणशील तर मला त्या नव्या टॉवेलाचा संशय आहे. दुकानातून आणला तसा गुंडाळलात. नव्या कापडात खळ असते, ती तुला-मला लागत नाही पण बाळाला बोचते. दोनदा धुऊन घ्या. आणि जावईबापूंनी हौसेनं आणलेला तो वासाचा साबण त्यांनी स्वतःलाच लावावा. एवढ्याशा जिवाला नुसतं पाणी पुरतं.

मी तिथे नाही म्हणून लिहून ठेवतो. मानेची घडी उघडून बघत जा. दूध ओघळून तिथे साचतं, आंबतं, आणि कातडं ओलं राहून सोलवटतं. हनुवटी हळूच वर करायची, ओला कापूस फिरवायचा, मग कोरड्या मऊ फडक्यानं टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. काखेत तसंच, मांडीच्या घड्यांत तसंच. पावडर अजिबात नको. घडीत बसून तिची लापशी होते.

तुमचं तिचं नाव ठरेपर्यंत मी नातीला पाहुणीच म्हणणार. पाहुणीला माझा पापा. तुला नाही.

बाबा


७ फेब्रुवारी

ठिणगे,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझी आई पण अशीच होती, रागावली की तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुठे ठेवली ते तिलाही आठवायचं नाही.

इथे माझं उत्तम चाललंय. कामावर परत हजर झालो. सुट्टी शिल्लक होती, पण घरात बसून करू काय? काल नळाचं वायसर बदललं, परवा कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं, आज परत पहिल्या जागी आणलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कुणी राहायला आलंय का?" म्हटलं, नाही, मीच आहे, पण जास्त आहे.

तुला वाटतं बाळाची आंघोळ मी पुस्तकात वाचून शिकलो. तू झालीस तेव्हा तुझ्या आईला बरेच दिवस उठायची बंदी होती. वॉर्डातली सिस्टर मला म्हणाली, "तुम्ही घालणार आंघोळ? मग बाह्या वर करा, अंगठी काढा, नखं दाखवा." शाळेत गुरुजींना दाखवावीत तशी मी नखं दाखवली. तिनं शिकवलं, आधी पाय पाण्याला लावायचे, मग बूड, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी, कारण ओल्या डोक्यातूनच थंडी शिरते. तू पाण्यात उतरलीस की गप्प व्हायचीस. मूठ उघडायचीस. मी दारातून आत आलो की तुझी आई पडल्या पडल्या विचारायची, "गप्प होती का?" मी म्हणायचो, गप्प होती. हे कौतुक मी पुढे कित्येक वर्षं बेकरीत सांगत होतो, लोक कंटाळायचे.

तर जावईबापूंच्या त्या बदकाबद्दल. ते प्लास्टिकचं पिवळं बदक, पोटात थर्मामीटर असलेलं. हो, मी ते टबातून उचलून खिडकीत ठेवलं. बदकाला विचारून नातीला आंघोळ घालायची वेळ माझ्यावर आलेली नाही. एवढ्यावरून त्यांचं तोंड एवढंसं झालं, ते तू पाहिलंस आणि मनात धरलंस, असं मला वाटतं. म्हणजे मुळात भांडण पाण्याचं नाही, बदकाचं आहे.

कामावर जरा कटकट आहे. पीठ धड फुगत नाहीये. थंडी आहे. पुरवठादारानं यीस्टही जुनं दिलेलं दिसतं. मी त्याला फोनवर चांगला फैलावर घेतला.

डाव्या हाताच्या बोटावर टपोरा फोड आलाय, कुठे लागलं काही आठवत नाही. त्यामुळे अक्षर वाकडं आहे, वयामुळे नाही.

पाहुणीचं वजन किती झालं?

बाबा


९ फेब्रुवारी

ठिणगे,

जावईबापूंचा निरोप मिळाला. तू लिहायचं सोडून त्यांना कामाला लावलंस. चार ओळी आहेत, एकही काना-मात्रा चुकलेला नाही, म्हणजे त्यांनी दोनदा लिहून काढला असणार. "बाळाच्या डॉक्टरांना दाखवलं. पाणी जास्त गरम होतं असं त्या म्हणाल्या. मलम दिलं आहे. पाठीवरची आणि मांड्यांवरची साल निघते आहे, पण काळजीचं कारण नाही."

डॉक्टरबाई तिथे होत्या का? त्यांनी पाण्यात हात घातला होता का? सगळ्याच नव्या बाळांची साल निघते. इतके महिने पाण्यात राहून बाहेर आलेलं अंग, ते कोरडं पडणार, सुटणार. तुझ्या पावलांची तर पापुद्रे पापुद्रे होऊन निघाली होती, तुझ्या आईनं एक पापुद्रा डबीत ठेवला होता.

शेवटी वजन तेवढं लिहिलंय, पण साल किती निघते ते लिहिलेलं नाही. नखाएवढी, की तळहाताएवढी? खालचं कातडं गुलाबी आहे की लालभडक? ओलसर आहे का? कुशीवर झोपवता की पालथं? दुपट्याची शिवण पाठीला लागते का, लागत असेल तर दुपटं उलटं करून वापरा, शिवण बाहेर. साल ओढू नका. कुणी आलं-गेलं आणि हौसेनं बोटानं खरवडायला लागलं तर त्याचा हात धरा.

तुम्ही सरळ लिहा. मला काही होत नाही. नुसतं "काळजीचं कारण नाही" असं लिहिलं की माणूस दिवसभर काळजीच करत बसतो.

बाबा


१३ फेब्रुवारी

ठिणगे,

आजचं पत्र दोनदा फाडलं. हे तिसरं.

आधी बेकरीचं सांगतो. सलग पावाचे किती घाणे बसले ते सांगायला लाज वाटते. पाव असा चपटा आणि जड की मालक म्हणाले, "काका, हा विकायचा की दाराला अडसर लावायचा?" मी तणतणत होतो. थंडीला शिव्या, पिठाला शिव्या. यीस्टवाल्याला तर मी बोलावूनच घेतलं. तो बिचारा नवं पाकीट घेऊन आला, सगळ्यांसमोर फोडलं. म्हणाला, "काका, तुमच्या हातानं भिजवा, मी उभा राहतो." मी पाणी घेतलं, पंजा बुडवला, छान कोमट. यीस्ट घातलं, साखर घातली, झाकलं. आम्ही उभे. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर नुसतं गढूळ पाणी, बुडबुड्याचा पत्ता नाही.

मी म्हटलं, बघा, मेलेलं यीस्ट आणलंय. यीस्टवाला रडकुंडीला आला. तेव्हा लंबू पुढे झाला. लंबू म्हणजे माझ्यासोबत मळायला असतो तो, तू पाहिलायस, दारातून वाकून येतो तो. म्हणाला, "काका, परत पाणी घ्या, तुम्ही रोज घेता तसंच." मी घेतलं. पंजा बुडवून धरला, बघ म्हटलं. त्यानं माझ्या पंजाशेजारी स्वतःचा हात घातला आणि झटक्यात काढला. बोटं तोंडात घालून उभा राहिला.

मी हसलो. मला वाटलं, सोंग करतोय. मग यीस्टवाल्यानं बोट लावलं, त्यानंही काढलं. मालकांनी लावलं. तिघंही माझ्याकडे बघत होते आणि माझा हात अजून पाण्यातच होता.

लंबू हळूच म्हणाला, "काका, हात काढा ना."

मग त्यानं त्याला बरं वाटेल असं पाणी केलं. मी त्यात हात घातला, मला ते गार लागलं. त्याच पाण्यात यीस्ट फसफसून वाटीच्या बाहेर आलं. यीस्टवाल्यानं फोडलेलं पाकीट गुंडाळून पिशवीत टाकलं, ते जास्त लागलं. मी त्याची माफी मागितली. तुझी मागायला मात्र घरी येऊन बसलोय, आणि बसवत नाही. उठतो, फिरतो, परत बसतो.

ठिणगे, पाणी कोमट नव्हतं.

बाबा


१४ फेब्रुवारी

ठिणगे,

काल सगळं लिहिलं नाही.

तू स्वयंपाकघरात होतीस, तुला नुसतं रडणं ऐकू आलं. मी तुला म्हटलं होतं की जरा कुरकुरली. ती कुरकुरली नाही. पाय पाण्याला लागले तशी तिनं ते पोटाशी घेतले आणि तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. बराच वेळ फुटला नाही. मग फुटला. मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, पाण्याची सवय नाही पोरीला. तिला उचलली आणि परत धरली. परत पाण्यात धरली, ठिणगे. तोंडानं गाणं म्हणत होतो.

स्वेटरची बाहीसुद्धा वर सारली नव्हती, मनगटावरच होती. सारली असती तर मनगटाच्या वर तरी कळलं असतं.

तू आत येऊन तिला माझ्या हातातून ओढून घेतलीस, तेव्हा मला तुझाच राग आला. ओल्या बाळाला असं ओढतात का, असं मी वर तुला ऐकवलं. आता ते आठवलं की ताटावरून उठतो. तू ओढलीस ते बरं केलंस. अजून जोरात ओढायला हवी होतीस.

साल किती निघाली ते आता विचारत नाही. मला ते विचारायचा अधिकार नाही. पण कळवलंस तर उपकार होतील.

बाबा


१९ फेब्रुवारी

ठिणगे,

लंबू मला धरून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना काहीबाही लावत बसले. मी म्हटलं, सुरू करा ना. ते म्हणाले, "केव्हाच सुरू केलंय." टाचणी होती, गरम चमचा होता, थंड चमचा होता. मला सगळं एकच. मनगटाच्या वर सरकले तेव्हा मी ओय म्हणालो, तर डॉक्टर खूश झाले. इतक्या वर्षांची भट्टी आणि वर रक्तातली साखर, दोघींनी मिळून बोटांची वाट लावली म्हणाले. साखरेचं मला माहीत होतं. तुला सांगितलं नव्हतं. रागावायचंच आहे तर सगळ्याचं एकदमच रागाव.

गोळ्या दिल्यात. गेलेलं परत येईल का विचारलं, तर "आहे तेवढं सांभाळू" म्हणाले. बोटावरचा तो फोड ट्रेचा होता. ट्रे किती वेळ हातात होता देव जाणे.

आता मालकांनी पाण्यासाठी थर्मामीटर आणलंय. बदक नाही, साधी काठी आहे. मी रोज ती पाण्यात घालतो आणि जावईबापूंची आठवण काढतो. त्यांना उचकी लागत असेल तर कारण हे आहे.

पण मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या हाताला ऊन-गार कळत नाही, त्याला घट्ट-सैल तरी कळतं का? मी पाहुणीला धरत होतो ते कसं धरत होतो? म्हणून काल काम आटोपल्यावर मी पिठाचा एक गोळा घेतला. जावईबापूंनी निरोपात शेवटी वजन लिहिलं होतं, तेवढाच तोलला. तेल लावून निसटता केला, आणि सिस्टरनं शिकवलं होतं तसा धरला, मानेखाली पंजा, बगलेत बोटं. लंबू बघत होता. म्हणाला, "काका, ह्याला टोपडं आणू का?" मी म्हटलं, गप बस.

मग गोळा खाली ठेवला. पीठ काही लपवत नाही. जिथे मी धरलं होतं तिथे पाच खड्डे होते. अंगठ्याचा तर असा खोल, की लंबूचं हसू थांबलं. मला वाटत होतं मी फुलासारखं धरलंय.

पुन्हा धरला, हलकं धरायचं म्हणून. गोळा सटकून टेबलावर आपटला.

मी तिला आता हातात घेणार नाही. हे रागानं लिहीत नाही. तुमच्याकडे आलो तर लांब खुर्चीत बसेन, तू तिला दाखव, मी बघेन. तेवढं पुष्कळ आहे. मफलर मात्र पाठव, इथे थंडी आहे.

बाबा


२३ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पत्र आलं. दारातच उभ्यानं वाचलं, चपला काढायच्या राहिल्या.

किती वेळा वाचलं ते सांगत नाही. नवी कातडी आली, डाग नाही, हे वाक्य तू वर लिहायला हवं होतंस, खाली तिसऱ्या परिच्छेदात का लिहिलंस? तिथपर्यंत पोचेस्तोवर माझा जीव टांगणीला. पण बाकीचंही वाचलं. तू लिहितेस, "त्या दिवसानंतर मी तिला एकदाही आंघोळ घातलेली नाही. ओल्या फडक्यानं पुसते. डॉक्टर म्हणतात चालेल, पण मला माहीत आहे मी का पुसते. टबाजवळ गेले की माझे हात कापतात. ह्यांचेही कापतात, ते नुसते बदकाकडे बघत बसतात. मानेची घडी सोलवटली आहे, तुम्ही लिहिलं होतं तसंच. तुम्ही उघडून बघा म्हणालात, मी रागानं उघडली नाही."

अगं, ती घडी उघडली नाहीस म्हणून तू वाईट आई होत नाहीस. मलम लावू नकोस आधी, आधी उघडी ठेव. खांद्याखाली फडक्याची गुंडाळी ठेव आणि मान जरा मागे जाऊ दे, वारा लागू दे. दूध पाजून झालं की लगेच टिप. दोन दिवसांत सुकेल.

आणि मग तू लिहितेस, "बाबा, रविवारी या. पाणी मी बघते. धरायला तुम्ही हवे आहात. तुमचे हात कापत नाहीत."

पोरी, माझं मागचं पत्र तुला मिळालं नाही का? त्यात पिठाचं लिहिलं होतं. मिळालंय, कारण तू खाली लिहिलंयस, "पिठाचं वाचलं." एवढंच. पुढे काही नाही. पिठाचं वाचलंस आणि तरी ये म्हणतेस, ह्याला धीर म्हणायचा की दुसरं काही?

मी येणार नाही असं मनाशी ठरवलं. दिवसभर ठरवत होतो. बसस्टॉपवर जाऊन रविवारच्या गाड्या मात्र बघून आलो.

बाबा


२५ फेब्रुवारी

ठिणगे,

घाईत लिहितोय, रविवारच्या आत पोचायला हवं.

बोटांना सुट्टी. लंबूच्या डोक्यातली आयडिया, श्रेय त्याला द्यायला हवं. म्हणाला, "काका, आपण गरम ट्रे कोपराखालच्या हातावर तोलतो ना, तसं करा." मग गोळा हातात धरलाच नाही. डावा हात कोपरात वाकवला, कोपराच्या खोबणीत डोक्याची बाजू, बाकीचं सगळं अंग हाताच्या आतल्या बाजूवर, मनगटाच्या अलीकडे. उजवा हात नुसता वरून, टेकण म्हणून, तोही पंजा नाही, मनगटाच्या वरचा भाग. तिथलं मला कळतं. गोळा जरा कलला की कळतं. चालून बघितलं, वाकून बघितलं, लंबूनं मुद्दाम शिंकून दचकवलं. गोळा जिथल्या तिथे. खाली ठेवला, तर एकही खड्डा नाही, फक्त हाताच्या लांबीची एक उथळ पन्हळ.

मालक म्हणाले, हा गोळा आता भाजायचा नाही का? मी म्हटलं, नाही, हा घरचा आहे. मालकांनी कपाळावर हात मारला.

तरी अट ऐक. पाणी तू बघायचं. कोपर बुडवून. मग बदकानं बघायचं. दोघांचं एकमत झाल्याशिवाय मला आत बोलवायचं नाही. मी पाण्याबद्दल एक शब्द बोललो तर मला परत घरी पाठव. ती रडली तर ताबडतोब काढायची, गाणी म्हणायची नाहीत. टॉवेल आधीच पसरून ठेव, तो जुना पातळ, दार लावून घे, झोत नको. वेळ थोडाच.

मी सकाळच्या गाडीनं येतो. बाह्या आत्ताच वर करून बसलोय.

बाबा


२ मार्च

ठिणगे,

मफलर परत विसरलो. आता तो तुमच्याचकडे राहू दे, येण्याजाण्याला निमित्त.

काल तिथे मी फारसं बोललो नाही, त्याचं तुला नवल वाटलं असेल. बसमध्ये बसल्यावर सगळं बोलायचं आठवलं. शेजारच्या माणसाला सांगायला लागलो, तर तो पुढच्या स्टॉपला उतरला.

तू कोपर बुडवून बसलीस तेव्हा डोळे मिटले होतेस. जावईबापू गुडघ्यावर बसून बदकाच्या पोटातला आकडा वाचत होते, जणू परीक्षेचा निकाल. मी दाराबाहेर उभा राहून बाह्या आणखी वर सारत होतो. तू म्हणालीस, "या बाबा." तुझी आई हाक मारायची तशीच मारलीस, शेवट जरा वर नेऊन. मग तू तिला माझ्या हातावर ठेवलीस, आणि स्वतःचा हात तिच्याखालून काढायला तुला किती वेळ लागला ते मी पाहिलं. काढलास मात्र.

पाय पाण्याला लागले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, तू माझ्या तोंडाकडे. तिनं पाय वर घेतले नाहीत. बूड टेकलं, पाठ टेकली, आणि मूठ उघडली. गप्प होती. तू मानेची घडी उघडून कापूस फिरवलास, तुझे हात कापत होते आणि तरी तू फिरवलास. मी पाण्याबद्दल एक शब्द बोललो नाही, हे लक्षात ठेव.

मग पाण्यातून वर उचलली, तशी तिनं माझ्या हातावर सू करून कार्यक्रम उरकला. जावईबापू हसत सुटले, तू हसून हसून टबाच्या कडेला टेकलीस, तुझे टाके दुखले आणि तरी हसत राहिलीस. मी खाली मान घालून तसाच उभा होतो. तुम्हाला वाटलं मी ओशाळलो. ओशाळलो नव्हतो. तुमच्या हसण्यात मला ते सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मला कळलं, ठिणगे. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, तिची धार आली तेव्हा मला ती कळली. मी बदकाकडे बघितलं नाही, तुलाही विचारलं नाही. ती नेमकी कोमट होती. एवढं मी खात्रीनं सांगतो.

बाबा